दुष्काळात हिरवा राहिलेला प्लॉट

माझ्या सासूबाई पाहुण्यांना माझ्या नोकरीची ओळख एका वाक्यात करून द्यायच्या, "आमची सून गवत बघती." पाहुणे माझ्याकडं बघायचे, मी कपातल्या चहाकडं. पण वाक्य चूक नव्हतं. मी महापालिकेत स्वच्छता निरीक्षक होते. नाल्या, कचरा, डास, मेलेली जनावरं हे सगळं होतंच. पण नोकरीतली मधली बरीच वर्षं माझ्याकडं बीड बायपासच्या पलीकडच्या नव्या वसाहती होत्या, आणि नव्या वसाहतीत घरं कमी, रिकामे प्लॉट जास्त. रिकाम्या प्लॉटवर गवत उगवतं. ते बघायचं काम माझं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, माझ्या जागेत मी गवत वाढवीन नाहीतर ऊस लावीन, पालिकेचा काय संबंध? संबंध असतो. जागा तुमची असली तरी तिच्यातले डास तुमचे राहत नाहीत. साप कुंपण ओळखत नाही. म्हणून नियम असा, की प्लॉट बांधा नाहीतर मोकळा ठेवा, पण साफ ठेवा. नाही ठेवला तर आधी नोटीस. मुदतीत काही झालं नाही तर पालिकेची माणसं येऊन साफ करणार आणि खर्च मालकाच्या घरपट्टीत चढणार. ऐकायला सोपं वाटतं. अडचण एवढीच, की मालक कधी जागेवर नसतो. तो पुण्यात असतो, दुबईत असतो, नाहीतर वरच गेलेला असतो. रिकाम्या प्लॉटला दार नाही की भिंत नाही, मग नोटीस चिकटवायची कुठं? आम्ही ती बाभळीलाच बांधायचो. बाभळीनं कधी उत्तर दिलं नाही.

मालकांपैकी जे सापडायचे त्यांची उत्तरं ऐकण्यासारखी असत. एकानं फोनवर मला सुनावलं, "पाऊस मी पाडला का मॅडम? मग गवत माझं कसं?" एका गृहस्थांनी प्लॉटभर माजलेला तरोटा औषधी असल्याचं सांगून मला त्याची भाजी करायची रीत शिकवली. भाजी चांगली झाली, नोटीस तशीच राहिली. आणि दौलताबादकडच्या एका शेतकऱ्यानं सरळ दोन शेळ्या आणून बांधल्या. शेळ्यांनी सगळं खाल्लं, गाजरगवत सोडून.

हे गाजरगवत म्हणजे आमच्या धंद्यातला खरा वैरी. गाजरासारखी पानं, पांढरी बारीक फुलं, दिसायला नाजूक. पण अंगाला लागलं की खाज, नाकात गेलं की दमा. फुलायच्या आधी मुळासकट उपटलं तरच उपयोग. फुलल्यावर कापलं, तर तुम्ही फक्त पेरणी केलेली असते. दुसरी वेडी बाभूळ. वरून तोडली की खालून दुप्पट फुटते. तिला खणूनच काढावं लागतं. माझे मुकादम रहीमभाई म्हणायचे, "मॅडम, ये बबूल नहीं, उधारी है. ऊपर से काटो, नीचे से बढती."

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे, ते पाठोपाठच्या दुष्काळातलं दुसरं वर्ष. जायकवाडी तळाला गेलं होतं. नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या दिवशी येई, तेही कधी येईल याचा नेम नाही. वसाहतींत टँकर आला की बायका, पुरुष, कॉलेजातल्या पोरी, सगळे पिंप घेऊन धावत. गवताचं म्हणाल तर मला जवळजवळ सुट्टीच होती, कारण उगवायलाच काही नव्हतं. जे होतं ते वाळून पिवळं झालेलं. पण त्याचा धोका वेगळा. एका दुपारी सातारा डोंगराकडच्या एका वसाहतीत कुणाच्या तरी विडीनं प्लॉट पेटला. वारा होता. आग एका प्लॉटवरून दुसऱ्यावर गेली आणि एका घराच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांनी पेट घेतला. विझवायला लोकांकडं पाणी नव्हतं. पिंपातलं पिण्याचं पाणी ओतायचं की नाही, असा विचार करत माणसं दारात उभी होती. शेवटी पोती आणि लिंबाच्या फांद्यांनी झोडपून, माती टाकून आग आवरली. कुणाला इजा झाली नाही, पण दुसऱ्याच दिवशी वरून हुकूम आला, की या वसाहतीतला एकूण एक प्लॉट साफ करा.

मी आणि रहीमभाई यादी करत फिरलो. सगळीकडं पिवळं, करपलेलं. आणि एका गल्लीच्या टोकाला एक प्लॉट हिरवागार.

वेडी बाभूळ दुष्काळातही हिरवी राहते, त्याचं मला नवल नव्हतं. पण बाभळीच्या खाली एरंड होता, तांदुळजा होता आणि भर उन्हाळ्यात गाजरगवत पांढरंशुभ्र फुललं होतं. काठी घेऊन मी थोडी आत शिरले. चप्पल मातीत रुतली. रहीमभाईंनी वाकून माती हातात घेतली आणि हसले.

"सारा शहर टँकर के पीछे भाग रा मॅडम, और ये झाडी को कोई रोज नहला रा."

पाणी येत होतं शेजारच्या घरातून. मागच्या खोलीच्या भिंतीतून एक पाइप बाहेर काढलेला होता आणि त्याचं तोंड झाडीत सोडलेलं होतं. घर भगवानराव म्हणून एका गृहस्थांचं. मूळचे कन्नडकडचे शेतकरी, आता वाळूजला एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. त्यांनी आम्हाला आत बसवलं, त्यांच्या पत्नी मंदाताईंनी अर्धा अर्धा पेला ताक दिलं. त्या दिवसांत अर्धा पेला म्हणजे पाहुणचारच.

"आबांच्या अंघोळीचं पाणी हाय मॅडम ते," भगवानराव म्हणाले. "माझे वडील. अंथरुणाला खिळलेत. रोज अंग पुसावं लागतं. ते पाणी गटारात घालण्यापेक्षा झाडाला जातं."

"काट्याला आणि गाजरगवताला कुणी पाणी घालतं का भगवानराव? लोकांना खाज सुटते, परवा समोरच्यांच्या घरात साप निघाला म्हणे."

"सावली हाय आबांच्या खिडकीला. ऱ्हाऊ द्या की. आमची तर काय तक्रार नाय."

हे मला जरा विचित्र वाटलं. नोकरीत मी शेकडो प्लॉट पाहिले असतील. रिकाम्या प्लॉटला अगदी लागून ज्याचं घर, तोच नेहमी सगळ्यात जास्त ओरडतो. हा माणूस मात्र झाडीची बाजू घेत होता. मी पाइप गटाराला जोडायला सांगितलं. ते हो म्हणाले. पुढच्या फेरीला गेले तरी माती ओलीच होती.

इकडं मालकाचा पत्ता लागेना. नावावर एक सिल्लोडचे गृहस्थ होते. त्यांना पाठवलेली नोटीस परत आली, कारण ते वारले होते. माझ्या आतेबहिणीचं सासर सिल्लोडला. तिच्याकडं बारशाला गेले तेव्हा चौकशी केली, तर घर बाजार समितीच्या मागंच निघालं. गृहस्थ बाजारात मापाडी होते, कापूस आणि मका मोजायचे. त्यांची बायको सुमनबाई शिलाई मशीनवर बसली होती. मी कुठून आले ते सांगितल्यावर तिचा पाय मशीनवर थांबला.

"ताई, प्लॉट हाय ते म्हायती हाय," ती म्हणाली. "कुठं हाय ते नाय म्हायती."

मला वाटलं थट्टा करतेय. पण नव्हती. नवऱ्यानं जागा घेतली तेव्हा एकदाच दाखवायला नेलं होतं. "सगळी ज्वारीची धाटं उभी व्हती. ह्यांनी चार दगड दावले अन् म्हणले, ह्याच्या आत आपलं. मी मधी बसून शेंगा खाल्ल्या. हे गेल्यावर दोनदा हिंडून आले, तर घरंच घरं. एका ठिकाणी उभी ऱ्हायले तर झाडीच झाडी, दगड दिसंना. शेजारच्या बाईनं पाणी दिलं, बसा म्हणली. जागेचं इचारलं तर म्हणली, आम्हाला काय ठाव नाय."

तिची मुलगी वर्षा शहरात नर्सिंग शिकत होती आणि एका नातेवाइकाच्या घरात अंग चोरून राहत होती. स्वतःच्या जागेवर दोन खोल्या टाकून लेकीपाशी यायचं, एवढंच सुमनबाईच्या मनात होतं. जागाच सापडत नव्हती.

"साफ करायच्या दिवशी या," मी म्हणाले. "मी दाखवते."

आदल्या दिवशी भगवानराव माझ्या कार्यालयात आले. बराच वेळ उभेच राहिले. "मॅडम, सगळं काढा, पण आमच्या भिंतीला लागून हाय ती झाडी ऱ्हाऊ द्या. आबांसाठी." मी म्हणाले, नियम अर्धा लागत नाही. ते तसेच गेले.

सकाळी उन्हं चढायच्या आत रहीमभाईंची माणसं कोयते, कुदळी, पहारी घेऊन लागली. जेसीबी गल्लीत वळत नव्हता, म्हणून सगळं हातानं. सुमनबाई पहिल्या एसटीनं आली होती, वर्षा शहरातूनच. सुमनबाई ओट्यावर बसली नाही. पदर खोचून माणसांच्या मागं मागं चालत राहिली. समोरचे दोन दगड निघाले. मग मागच्या कोपऱ्यातला एक. चौथा, मागचाच पण भगवानरावांच्या बाजूचा, काही सापडेना. त्या बाजूची झाडी गेली आणि त्यांची मागची खोली, तिची खिडकी उघडी पडली.

"चार व्हते," सुमनबाई म्हणाली. "मी मोजले व्हते. चौथा कुठंय?"

रहीमभाईंनी गवताचे भारे बांधायची सुतळी घेतली. समोरच्या दोन दगडांमधलं अंतर त्यांनी सुतळीनं मापलं आणि तीच सुतळी मागच्या दगडापासून ओढत नेली. सुतळी भगवानरावांच्या भिंतीला जाऊन टेकली आणि हातात बरीच उरली. एक खाट मावेल एवढी.

उरलेली सुतळी हातात धरून रहीमभाई उभे होते. मग सोसायटीचे सेक्रेटरी, जे सकाळपासून देखरेख करत होते, ते एकदम जोरात म्हणाले, "हे अतिक्रमण आहे मॅडम! उद्याच्या उद्या पाडायला लावा."

मला सांगावं लागलं, की हद्द माझ्या खात्यात येत नाही. मोजणीचं खातं वेगळं, बांधकामाचं वेगळं. माझा अधिकार गवतापुरता, आणि गवत निघालं होतं. माणसाला एवढं मोठं काहीतरी दिसावं आणि त्यावर बोलायचा अधिकार नसावा, हे आमच्या नोकरीत नेहमीचं. पण निघून मात्र जाववेना.

भगवानराव घरातून बाहेर आले. बनियनवर होते. त्यांनी सुमनबाईकडं पाहिलं नाही, सुतळीकडं पाहिलं.

"घर बांधताना वाळूचा ट्रक फिरला, तवा दगड उखडला," ते म्हणाले. "मिस्त्री म्हणला, अंदाजानं घेऊ. स्लॅब पडल्यावर माझ्या ध्यानात आलं. म्हणलं, कुणी आलं, बोललं, तर बघू. कुणीच आलं नाय. झाडी वाढली. दिसंना झालं. मग... बरं वाटाया लागलं."

"म्हणून पाणी घालत होता?" मी विचारलं.

"आबांचं पाणी खरंच हाय मॅडम. पण पाइप तिकडं काढला, तो मी काढला."

तेवढ्यात मंदाताई दारात आल्या. सुमनबाईनं त्यांना पाहिलं आणि ओळखलं. मंदाताईंनीही ओळखलं, कारण त्यांनी चौकट धरली. सुमनबाई आवाज न चढवता म्हणाली,

"त्या दिवशी तुम्ही मला पाणी दिलं अन् जागा नाय सांगितली. पाणी नसतं दिलं तरी चाललं असतं, बाई."

मंदाताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या आत गेल्या नाहीत, तिथंच उभ्या राहिल्या. मला त्याचं बरं वाटलं. आत जाणं सोपं होतं.

खिडकीतून हाक आली. "मंदे! ऊन यायलंय डोळ्यावर! झाडी कुणी तोडली गं?"

सुमनबाईनं विचारलं, "आत येऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता गेली. मीही तिच्या मागं गेले. खोली लहान, स्वच्छ, फिनेलचा वास. भिंतीला लागून खाट आणि खाटेवर आबा. अंग वाळून गेलेलं, आवाज मात्र खणखणीत. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते फक्त चिडलेले होते.

"चिमण्या येत व्हत्या तिथं," ते सुमनबाईला म्हणाले. "दुष्काळात कुठं जात्याल त्या? तुमी कोण? पालिकेच्या का?"

"नाय बाबा. मी सिल्लोडची."

"सिल्लोडची व्हय? काळं रान तिकडचं. पाऊस झाला का?"

"नाय झाला."

"मग कापसाचं काय खरं नाय," आबा म्हणाले आणि डोळ्यांवर हात आडवा धरला. सुमनबाईनं इकडंतिकडं पाहिलं. खुंटीला एक टॉवेल होता. तो तिनं खिडकीच्या गजांत अडकवला, नीट ताणून. आबांनी हात खाली घेतला. ती खाट जेवढ्या जागेवर होती तेवढी जागा सुमनबाईची होती, हे त्या खोलीत तिला माहीत होतं आणि मला. ती तिथं थोडा वेळ उभी राहिली. मग बाहेर आली.

"भिंत पाडायची," ती भगवानरावांना म्हणाली. "माझी जागा मला पायजे. लेकीची हाय ती." सेक्रेटरी मान हलवायला लागले. "पण म्हातारा त्या खाटंवर हाय तोवर नाय. त्याला हलवून कुठं न्याल ह्या उन्हाळ्यात? त्यांचं झालं की मग पाडा. मला परत म्हणाया यायला लावू नका."

"लिहून घ्या ताई," सेक्रेटरी म्हणाले. "माणसं बदलतात."

"लिहून घेऊन मी कुठं वाचीत बसू?" ती म्हणाली. "रोज समोर ऱ्हाणार हाय मी. मला दिसंल."

आणि खरंच ती राहायला आली. त्या वर्षी पाऊस बरा झाला. दिवाळीनंतर तिनं भगवानरावांच्या बाजूची जागा सोडून दोन खोल्या बांधल्या. पत्र्याच्या, पण नीटनेटक्या. मशीन खिडकीशी. वर्षा ट्रेनिंगला तिथूनच जायला लागली. मंदाताई पहिले काही महिने तिच्या दारावरून जाताना खाली बघून जात. मग एकदा आबांना रात्रभर उचकी लागली, तेव्हा सकाळी वर्षाला बोलवायला त्याच आल्या. पुढं वर्षा रोज संध्याकाळी आबांची पाठ बघून जायची, जखमा होऊ नयेत म्हणून. हे मला वर्षानंच सांगितलं, फारसं महत्त्व न देता.

आबा पुढच्या वर्षी गेले. तेराव्यानंतर काही दिवसांनी मी त्या गल्लीत नाल्याच्या कामाला गेले होते, तर ठोकण्याचा आवाज. भगवानराव स्वतः घण घेऊन मागची भिंत पाडत होते. गवंडी लावला नव्हता. त्यांना कुणी आठवण केली नव्हती, हे मी विचारून खात्री करून घेतली. धुळीनं भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "पयली वीट मीच लावली व्हती मॅडम," ते म्हणाले, "म्हणलं काढायची बी आपणच." नवी भिंत त्यांनी हद्दीच्या वीतभर आतच घेतली.

आता त्या वसाहतीत रिकामा प्लॉट औषधालाही उरलेला नाही. सगळीकडं तीन मजले, खाली गाड्या. माझ्या जागी आलेल्या निरीक्षकाला गवत बघावं लागत नाही, तो गच्चीवरच्या टाक्यांमधले डास बघतो. नियमानं मी जे केलं ते बरोबरच होतं, तरी एक खंत आहे. दुष्काळात त्या अख्ख्या वसाहतीत हिरवं तेवढंच होतं आणि चिमण्यांना दुसरी जागा नव्हती. पाखरांची तक्रार घ्यायला आमच्याकडं रकाना नव्हता.

भिंत मागं गेल्यावर दोन घरांत जी पट्टी मोकळी झाली, तिथं पहिल्याच पावसाळ्यात गाजरगवत उगवलं. एक दिवस माझ्या टेबलावर तक्रार आली. तक्रारदार भगवानराव. शेजारच्या प्लॉटधारक सुमनबाई यांच्या जागेत गाजरगवत वाढलं असून नातवाला शिंका येतात, सबब कारवाई व्हावी. मी दोनदा वाचलं. मग नोटीस घेऊन मीच गेले, म्हटलं बाईला राग येईल, समजूत घालावी लागेल.

सुमनबाईनं मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. भगवानराव पलीकडं त्यांच्या ओट्यावर पेपर वाचत होते, म्हणजे कान इकडंच होते.

"त्यांनी लिहून दिलं?" तिनं विचारलं. "स्वतःच्या नावानं?"

"हो. सही आहे."

ती हसली. चांगली मोकळी हसली. "मंग बरोबर हाय की त्यांचं. हाय ना गवत." आणि पदर खोचून बाहेर येत तिनं ओट्याकडं बघून आवाज दिला, "ओ भगवानभाऊ! पेपर ठेवा अन् इकडं या. फुललं नाय अजून, उपटू लागा."

भगवानरावांनी पेपर ठेवला. मी माझ्या पिशवीतून हातमोज्यांचे दोन जोड काढले आणि नोटीस परत आत ठेवली.